चिमणीचे सोळाशे ग्रॅम

१

बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी व्यायामशाळेच्या काट्यावर सोळाशे ग्रॅम जास्तीचे सापडले, आणि ते कुठून आले हे सांगायला कुणी पुढे येईना.

काट्यावर उभी होती चिमणी. नावावर जाऊ नये. जन्मली तेव्हा ती दीड किलोची होती, कापसात गुंडाळलेली, मिठीत घ्यावं तर हाताला फक्त कापूसच लागायचा. म्हणून आत्याने तिला चिमणी म्हटलं. आज बावीस वर्षांनी ती ऐंशी किलोहून जास्त लोखंड डोक्यावर तोलते, आणि नाव अजून चिमणीच. शनिवारी स्पर्धा होती. तिचा गट त्रेसष्ट किलोपर्यंतचा. दहा दिवसांपूर्वी ती बासष्ट सातशे भरली होती. आज काट्याने चौसष्ट तीनशे दाखवलं.

कोच हा मान नसलेला माणूस. डोकं संपलं की खांदेच सुरू. त्याने आकडा वाचला, चिमणीकडे पाहिलं, परत आकडा वाचला. चोरून काय खातेस, असं त्याने विचारलं. काही नाही, असं ती म्हणाली. मग सगळ्यांच्या देखत, दांड्या खाली ठेवून बघत राहिलेल्या बारा जणांच्या समोर, कोच म्हणाला, "काटा खोटं बोलत नाही. म्हणजे तू बोलतेस."

शुक्रवारी दुपारी बाराला नावं पक्की करायची मुदत. त्रेसष्टच्या गटात व्यायामशाळेतून एकच नाव जाणार. ते आता टोपीचं जाईल, असं सांगून तो निघून गेला. गेल्या वर्षी मनगट मुरगळल्यामुळे चिमणीची स्पर्धा हुकली होती. वर्षभर तिने या एका शनिवारासाठी पाव नाही, गोड नाही, रात्री सूपापलीकडे काही नाही, असे दिवस काढले होते.

ती घरी आली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली आणि तळहातावरच्या चिकटपट्ट्या एकेक करून सोलू लागली. रडली नाही. रडली असती तर आत्याला बरं वाटलं असतं.

"आत्या, मी काही खाल्लं नाही."

आत्याने गॅस बंद केला. एकतीस वर्षं तिने वजनमापे तपासणीच्या कार्यालयात काढली होती. भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांच्या तराजूंच्या पोटात तिने डोकावून पाहिलं होतं, आणि पारड्याखाली मेण लावणारे, दांडीत शिसं भरणारे भले भले तिच्यासमोर घामाघूम झाले होते. निवृत्त झाली तेव्हा सहकाऱ्यांनी तिला पितळेचं पाच किलोचं प्रमाण वजन भेट दिलं. ती ते रोज पुसायची. गल्ली तिला तराजूआत्या म्हणायची, तोंडावरसुद्धा. कामाला बसली की ती एक ओवी गुणगुणायची, तिची तिनेच रचलेली:

काट्याच्या गं दांडीला, नाही सख्खं नि सोयरं,
जे पारड्यात बाई, तेच येतं गं बाहेरं.

"चल," ती म्हणाली, आणि पितळेचं वजन पिशवीत घातलं. "आधी काट्याची जबानी घेऊ."

२

व्यायामशाळेत घामाचा, रबराचा आणि गंजाचा वास होता. आरशांसमोर दोन मुलगे आपापल्या दंडांशी हितगुज करत होते. आत्याने पदर खोचला, काट्यापुढे मांडी घातली, आणि कोचला बाजूला व्हायला सांगितलं. तो झाला. शाळेत बाई म्हणाल्या की होतो तसा.

तिने पितळेचं वजन काट्याच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहिलं. मग स्पर्धेच्या, छाप असलेल्या वीस किलोच्या तीन चकत्या रचल्या, वर पितळ. आकडा आला पासष्ट. शून्यावर आणला, पुन्हा रचलं. पासष्ट.

काटा सज्जन होता. आत्याला वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला एखादा काटा लबाड निघावा असं वाटलं होतं.

"झालं समाधान?" कोच म्हणाला.

"अर्धं झालं. वही दाखव."

कोचच्या वहीत कोण किती उचलतं ते तारखेवार होतं. आत्याने चिमणीच्या ओळीवरून बोट फिरवलं. तीन महिने ब्याऐंशीवर अडलेली पोरगी गेल्या आठवड्यात चौऱ्याऐंशी, आणि काल शहाऐंशी. हे कसं, असं आत्याने विचारलं. कोचने खांदे उडवले, म्हणजे मान नसल्यामुळे डोकंच उडवल्यासारखं झालं. स्पर्धा जवळ आली की होतं, तो म्हणाला.

आत्याने वही मिटली. चोरून मिठाई खाणाऱ्याची ढेरी वाढते, उचल नाही, एवढं तिला बाजारात बटाट्याच्या गोण्या उचलणारे पाहूनही कळत होतं. दहा दिवसांत वजन चढावं आणि ताकदही चढावी, असं कोणतं खाणं?

उत्तर दाराबाहेरच्या टपरीवर मिळालं. तिथे शेकवाला बसायचा. दूध, केळी घुसळून द्यायचा, पावडरींचे डबे विकायचा, आणि प्रत्येक डब्यावरच्या माणसासारखे दंड आपलेही आहेत असं समजून बाह्या दुमडायचा. आत्याने प्रश्न पुरा करायच्या आत त्याने ज्ञान सांडायला सुरुवात केली. असली एकच वस्तू, तो म्हणाला, क्रिएटिन. आपल्या अंगातही थोडं बनतं. पांढरी पावडर, चव नाही, वास नाही. गार पाण्यात तळाला रेतीसारखी बसते, गरम पाण्यात मुकाट विरघळते. रोज पाच ग्रॅमचा एक चमचा. व्यायाम करणाऱ्याला जोर येतो, न करणाऱ्याला नुसता डबा येतो. आणि स्नायू पाणी धरतात, म्हणून सुरुवातीला किलो-दीड किलो वजन चढतं.

"म्हणून तर वजनाच्या गटातली मुलं स्पर्धेआधी बंद करतात," तो म्हणाला. "तुमच्या चिमणीनं पण केलंय ना. सहा आठवडे झाले."

चिमणीने मान हलवली. केलं होतं.

आत्याने पिशवीतलं वजन एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. म्हणजे पोरगी क्रिएटिन घेत नव्हती. आणि तरीही तिच्या अंगात ते रोज जात होतं.

कुणीतरी तिला न सांगता चारत होतं.

३

संशयित नंबर एक समोरच बसला होता, केळं सोलत. तुझ्या शेकमधून गेलं असेल का, असं आत्याने सरळ विचारलं. शेकवाला दुखावला. चिमणी आठवड्यातून दोनदा त्याच्याकडे शेक घेते, तोही टोपीबरोबर अर्धा अर्धा, हे त्याने कबूल केलं. पण त्यात न सांगता पावडर?

"आत्या, डबा कितीला येतो माहितीय? माझ्याकडं फुकट फक्त सल्ला मिळतो."

हे आत्याला पटलं. भेसळीचे तिने शेकडो प्रकार पाहिले होते. पण स्वस्तात महाग मिसळणारा भेसळखोर अजून जन्माला यायचा होता.

दुसरी टोपी. डोक्यावरची लोकरी टोपी ही उन्हाळ्यातही काढत नसे, म्हणून टोपी. चिमणीची मैत्रीण, आणि चिमणी बाद झाली तर त्रेसष्टच्या गटात तिचीच वर्णी. हेतू असा ढळढळीत की आत्याला तो पाहूनच कंटाळा आला. शिवाय दोघी एकाच बाटलीतून पाणी पितात, आणि ती बाटली टोपीच घरून भरून आणते.

आत्याने टोपीला हे विचारलं. तिने टोपी काढली. केस घामाने चप्प बसले होते आणि डोळे भरले होते. तिने सांगितलं की तिचं नाव गेलं तर ती जाईल, पण या कारणाने जायला तिला लाज वाटते. कारण चिमणी खोटं बोलत नाही, हे तिला ठाऊक आहे आणि कोचला सांगायची हिंमत तिला सकाळी झाली नाही.

आत्याने तिला काट्यावर उभं केलं. एकसष्ट नऊशे. महिनाभर वहीत तोच आकडा. आत्याने तो मनात नोंदवून ठेवला आणि दोघींना घेऊन घरी आली.

"जुना डबा कुठाय तुझा?"

डबा चिमणीच्या कपाटावर होता. पाचशे ग्रॅमचा, फोडून आठ दिवसच वापरला होता. रोज पाच, म्हणजे चाळीस गेले. चारशे साठ ग्रॅम आत असायला हवे होते, असं चिमणी चढत्या आवाजात सांगत होती, तोवर आत्याने डबा हातात घेतला होता. एकतीस वर्षांच्या हाताला उघडून बघावं लागलं नाही.

डबा रिकामा होता.

४

बातमी कोचला टोपीनेच सांगितली, भल्या मनाने, चोर सापडायला मदत होईल म्हणून. कोचने त्याचा सरळ अर्थ लावला. डबा कुणाचा? चिमणीचा. पावडर गेली कुणाच्या अंगात? चिमणीच्या. मग चोर शोधायला कंदील कशाला हवा? आधी त्याला ती नुसती खादाड वाटत होती, आता लबाडही वाटू लागली. त्याने निरोप धाडला की आता शुक्रवारची वाट पाहायचीही गरज नाही.

चिमणी त्या दिवशी जेवायलाच बसेना. आत्याने तिला सूप तरी घे म्हणून बसवलं.

रोजचं सूप आत्याच करायची. तिच्या स्वयंपाकघरात शिस्त होती. फळीवर काचेच्या बरण्यांची एकसारखी रांग. डझनाने आणलेल्या, आठ इथे आणि चार भावाच्या शिंप्याच्या दुकानात बटणांना. स्वयंपाक करताना वाफेने चष्मा धुरकटतो म्हणून ती तो काढून ठेवी, आणि हात आपोआप जाई: डावीकडून पहिली मीठ, दुसरी साखर, तिसरी कॉर्नफ्लॉवर. अंदाजे हा शब्द तिला शिवीसारखा वाटे. पाच ग्रॅमचा चमचा, वरून सुरीने सपाट केलेला. सूपाला दोन.

पण अलीकडे सूप बेइमान झालं होतं. दाटच होईना. पहिल्या दिवशी दोन चमच्यांनी पाणीच राहिलं म्हणून दुसऱ्या दिवसापासून चार घालायला लागली, तरी वाटीचा तळ दिसायचा.

"ताई, सूप आहे की भाज्या पोहायला गेल्यात?" भावाने विचारलं.

"कॉर्नफ्लॉवरात भेसळ आहे. बघते त्या दुकानदाराकडे," आत्या म्हणाली आणि रोजच्यासारखं चिमणीला दोन वाट्या, भावाला एक, स्वतःला एक असं वाढलं.

भाऊ, म्हणजे चिमणीचे बाबा, चोपन्न वर्षांचा. आत्या त्याला अजून छोट्या म्हणायची. गळ्यात टेप, कानामागे खडू, बोलणं मिश्कील. त्या दिवशी आत्याने त्याला न्याहाळलं आणि तिच्या मनात काहीतरी अडकलं, शिवणीत दोरा अडकावा तसं. शिंप्याचाच शर्ट दंडात घट्ट झाला होता.

सगळ्यांचं वजन करायचं आहे, असं तिने जाहीर केलं. छोट्याला लगेच एका गिऱ्हाइकाची बाही आठवली आणि चपला उलट्यापालट्या घालून तो निसटला.

भावजयीची जबानी दुसऱ्या दिवशी झाली. ती दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसायची, दुपारी दोन ते नऊ. दिवसभर लोकांना एकच सांगून तिचा आवाज तसाच झाला होता: कोर्स अर्धवट सोडू नका. चिमणीने पावडर बंद केली तेव्हाही ती हेच म्हणाली होती, हे आत्याला आठवत होतं. आईच्या मायेनं लेकीच्या ताटात काही कालवलं असेल का?

"मी?" भावजय म्हणाली. "वन्सं, मी घरात जेवते कधी? माझा डबा मी खिडकीतच खाते. तिच्या ताटाशी माझी गाठ रविवारी." मग थोडं थांबून, खालच्या आवाजात, "खरं सांगू? मला यांचाच संशय येतोय. महिनाभर आरशासमोर जास्त वेळ असतात. या वयात."

तो संशय निराळा होता, आणि तो आत्याने तात्पुरता बाजूला ठेवला. भावजयीला घरच्या काट्यावर उभं केलं. जिथली तिथे. मग आत्या स्वतः उभी राहिली. ती रोज सकाळी वजन करून भिंतीवरच्या कागदावर लिहायची, पण हे दहा दिवस गुडघे बरे वाटत होते, पितळेचं वजन हलकं लागत होतं, त्या आनंदात लिहायचं राहून गेलं होतं. शेवटचा आकडा अठ्ठावन्न दोनशे.

काटा एकोणसाठवर थांबला.

आत्याने खाली पाहिलं. स्वतःच्या पायांकडे, परक्याच्या पायांकडे पाहावं तसं.

५

शुक्रवारी सकाळी दहाला स्वयंपाकघरात माणसं मावत नव्हती. कोचला पाटावर बसावं लागलं, आणि गुडघे हनुवटीला टेकल्यामुळे त्याचा दरारा निम्मा झाला होता. टोपी दाराला टेकून. भावजय ओट्याजवळ, हातात दवाखान्यातून आणलेली आयोडीनची बाटली. छोट्याला दुकानातून बोलावून आणलं होतं आणि बाहीचं कारण आज चालणार नाही असं बजावलं होतं. चिमणी उंबऱ्यावर, घड्याळाकडे तोंड करून. बाराला दोन तास होते.

आत्याने सुरुवात केली. आवाज चढवला नाही. दुकानदाराला नोटीस वाचून दाखवायची तिची रीत होती तीच.

वजन कुणाकुणाचं चढलं? चिमणीचं आणि माझं. कुणाचं नाही चढलं? टोपीचं आणि भावजयीचं. टोपी व्यायामशाळेत चिमणीबरोबर एकाच बाटलीतून पिते, तिच्याच शेकमधलं अर्धं घेते. तिथे काही मिसळलं असतं तर टोपीही चढली असती. म्हणजे व्यायामशाळा निर्दोष, शेकवाला निर्दोष, टोपी निर्दोष. राहिलं घर. घरात भावजय जेवत नाही, ती चढली नाही. मी आणि चिमणी मिळून असं काय खातो जे भावजय खात नाही?

"सूप," चिमणी म्हणाली.

"सूप. मी एक वाटी, तू दोन. म्हणून मी आठशे ग्रॅम आणि तू सोळाशे. वर तू घाम गाळतेस, मी भांडी घासते, म्हणून उचल तुझी वाढली आणि गुडघे माझे. सूप कोण करतं?"

भावजयीने आत्याकडे पाहिलं.

"मी करते," आत्या म्हणाली. "दहा दिवस रोज, मोजून, सपाट चमच्याने, पोरीला मीच चारलं. एकतीस वर्षांत एवढी काटेकोर भेसळ मी कुणाची पकडली नव्हती."

कोचने तोंड उघडलं आणि पाटावरून घसरता घसरता सावरला. आत्या फळीकडे वळली. चष्मा लावला. बरण्या मोठ्याने मोजल्या. आठ असायला हव्या होत्या. नऊ निघाल्या. दहा दिवस फळी जरा दाटीची वाटत होती, पण चष्मा ओट्यावर आणि हात सवयीवर. डावीकडून तिसरी आणि चौथी, दोन्हींत पांढरी पूड, दोघी बहिणी बहिणी.

दोन बशांत एकेक चिमूट घेतली. भावजयीने दोन्हींवर आयोडीनचा एकेक थेंब सोडला. चौथ्या बरणीची पूड निळीकाळी झाली, पिठाची होते तशी. तिसरीचा थेंब नुसता तपकिरी राहिला, मख्ख.

"कॉर्नफ्लॉवर इथे, चौथीत," आत्या म्हणाली. "डावीकडून तिसरी माझी नव्हेच. कुणीतरी मध्ये आणून ठेवलीय. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आता कळसा कुणाचा ते बघू."

६

तिने तिसरी बरणी स्वयंपाकघरातल्या लहान काट्यावर ठेवली. काचेचं वजन वजा केलं. आत दोनशे वीस ग्रॅम.

डब्यातून आले चारशे साठ. उरले दोनशे वीस. गेले दोनशे चाळीस. सूपात पहिल्या दिवशी दोन चमचे, दहा ग्रॅम. पुढचे नऊ दिवस चार चमचे, एकशे ऐंशी. एकूण एकशे नव्वद. पन्नास ग्रॅम सूपात गेलेच नाहीत.

"दहा दिवस. पन्नास ग्रॅम. रोज पाच." आत्याने चमचा खाली ठेवला. "सूपाव्यतिरिक्त कुणीतरी रोज एक सपाट चमचा, अगदी डब्यावर लिहिल्याप्रमाणे, घेतंय. अशाच बरण्या आणखी चार कुठे आहेत? शिंप्याच्या दुकानात. आज तिथे तीनच असतील, आणि बटणं बशीत असतील. आणि छोट्या, तुझा दंड शिवणीला भांडतोय."

सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळली. छोट्याने गळ्यातला टेप काढला, गुंडाळला, पुन्हा उलगडला.

"बटणं बशीत आहेत," तो म्हणाला.

मग एकेक बाहेर आलं. दोन आठवडे तो दुकान उघडायच्या आधी तासभर कापडाचे गठ्ठे उचलायचा, उठाबशा काढायचा. लेकीचा डबा नुसता पडून आहे असं वाटलं. पण डब्यावर तो उघडा पिळदार माणूस. तो हातात घेताना बायकोने पाहिलं असतं तर दवाखान्याच्या खिडकीतून सगळ्या गल्लीला औषधाबरोबर फुकट बातमी गेली असती. पांढऱ्याशेजारी पांढरं लपतं म्हणून बरणी कॉर्नफ्लॉवरला चिकटून ठेवली. पावडर भराभर कमी होतेय हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्याला वाटलं बायकोही गुपचूप घेतेय.

"मी म्हटलं, घेऊ दे बिचारीला. विचारलं तर लाजेल."

भावजयीने कपाळाला हात लावला. पण तिचा तो दुसरा संशय फिटला होता, त्यामुळे हात लावतानाही ती थोडी हसत होती. सोमवारी रक्त तपासायला चला, तिने हुकूम सोडला, आणि डॉक्टरांना पावडर घेतो हे आधी सांगा, नाहीतर मूत्रपिंडाचा आकडा वर दिसून माझाच जीव जाईल.

"पण कशासाठी, बाबा?" चिमणीने विचारलं.

तो बराच वेळ टेपवरचे आकडे वाचत राहिला.

"मागं तू जिंकलीस ना, तेव्हा पळत आलीस आणि सगळ्यांसमोर मला उचललंस. गोल फिरवलंस. लोक हसले, मी पण हसलो. पण लहानपणी मी तुला उचलत होतो, चिमणे. शेवटचं कधी उचललं ते मला आठवतच नाही. ते शेवटचं आहे हे तेव्हा कळत नाही ना. वाटलं, यंदा जिंकलीस तर एकदा मी उचलीन."

टोपीने टोपी डोळ्यांपर्यंत ओढून घेतली.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. कोच पाटावरून उठला, त्याला उठायला दोघांचा हात लागला, आणि जमिनीकडे बघत म्हणाला की त्याचं चुकलं.

"माझ्याकडे बघून," चिमणी म्हणाली.

त्याने वर पाहिलं. "चुकलं माझं. तू खोटं बोलत नव्हतीस. हे मी बाराही जणांसमोर सांगतो."

पण सोळाशे ग्रॅम काही माफी मागून उतरत नाहीत. हे पाणी स्नायूंतलं, ते आठवडे घेणार. कोच म्हणाला, एक उपाय आहे. आजपासून पाणी बंद, गरम खोलीत बसून घाम काढायचा, उद्यापर्यंत तेराशे ग्रॅम उतरवता येतील, मुलं करतात. आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की वाक्य तिथेच वाळलं.

चिमणी उंबऱ्यावरून उठली. त्रेसष्टमध्ये टोपीला उतरवा, ती म्हणाली. टोपी खरंच त्रेसष्टची आहे, मी वर्षभर उपाशी राहून त्रेसष्टची होत होते.

"माझं नाव एकोणसत्तरच्या गटात लिहा."

कोच म्हणाला त्या गटातल्या पोरी दाराच्या चौकटीएवढ्या असतात, तू सगळ्यांत हलकी असशील, शेवटून पहिली येशील.

"येईन. पण जेवून येईन," चिमणी म्हणाली, आणि आईला विचारलं, घरात पाव आहे का.

बाराला पाच कमी असताना कोचने नाव बदललं.

७

शनिवारी ती चौसष्ट चारशे भरली. नऊ जणींत सगळ्यांत हलकी. इतरांमध्ये उभी राहिली की खरंच चिमणीच दिसत होती. आत्याने स्पर्धेच्या काट्याचा शिक्का आणि तारीख वाचून घेतली, पंचांना नमस्कार केला आणि पहिल्या रांगेत बसली. टोपीने आपल्या गटात चौथी येऊन दाखवलं आणि आनंदाने टोपी हवेत उडवली. ती कुठे पडली ते अजून कुणाला माहीत नाही.

चिमणीने पहिल्या उचलीला शहाऐंशी पेललं. दुसऱ्या उचलीला अठ्ठ्याऐंशी, कसंबसं. तिसऱ्यांदा तिने नव्वद सांगितलं. कोचने डोळे मिटून घेतले. आत्याच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत पितळेचं वजन. ती त्याला दोन्ही हातांनी धरून बसली होती, रडणारं मूल धरावं तसं.

दांडी जमिनीवरून सुटली. खांद्यावर आली. तिथे ती एक क्षण थांबली, विचारात पडल्यासारखी. मग वर गेली, आणि वरच राहिली, आणि उचल मान्य झाल्याचे पंचांचे तीन पांढरे दिवे लागले. शेवटून पहिली नव्हे; तिसरी. पुढच्या स्पर्धेच्या संघात गटातल्या पहिल्या तिघींची निवड होती.

छोट्या केव्हा उठला ते आत्याला कळलं नाही. दिसला तो थेट मंचावर, गळ्यात टेप तसाच, आणि पंच त्याला हातवारे करून खाली उतरायला सांगत होते. चिमणी त्याला उचलायला वाकली. त्याने नकारार्थी मान हलवली. तिने हात मागे घेतले.

त्याने तिच्या कमरेला विळखा घातला आणि जोर केला. काही झालं नाही. पुन्हा केला. चेहरा लाल झाला, टेप सुटून जमिनीवर लोळला. सभागृहात कुणीतरी हसलं आणि मग गप्प झालं.

चिमणी त्याच्या कानाशी वाकली. रोज सकाळी कोच तिला सांगतो त्याच आवाजात, पण फार हळू, ती म्हणाली, "बाबा, पाठीतून नाही. गुडघ्यांतून. श्वास घ्या आधी."

त्याने श्वास घेतला. पाठ सरळ केली, गुडघे वाकवले, आणि उठला.

तिच्या बुटांखाली चार बोटं उजेड दिसला.